दोनशे सातच्या गावडेबाई

आमच्या निवासात आजारपणावर बोलायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळचा चहा हातात आला की सुरू करायचं आणि गावडेबाईंनी शिट्टी वाजवली की थांबायचं. मधुमेह असो, मोतीबिंदू असो, नाहीतर सुनेने दिलेला मनस्ताप असो, शिट्टी झाली की वाक्य आहे तिथे सोडून द्यायचं. मी पित्ताचा जुना रोगी. माझं पित्त कुणाला नीट समजावून सांगायचं तर शाळेच्या दिवसांपासून सुरुवात करावी लागते. इथे राहायला आल्यापासून ते एकदाही कॉलेजच्या पुढे गेलं नाही.

"अरे देवधरा, तुझं पित्त पळून जातंय का कुठे? उद्या ह्याच बाकावर भेटेल," असं म्हणून बाई शिट्टी ब्लाउजच्या आत टाकायच्या आणि विषय बदलायच्या. मी दोन-तीन दिवस रुसलो होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सोडून दिलं.

वृद्धाश्रम म्हटलेलं इथे कुणाला खपत नाही. पाटीवर 'ज्येष्ठ निवास' असं लिहिलंय. बोरिवलीच्या पश्चिमेला, गोराईच्या खाडीच्या अलीकडे, तीन मजल्यांची इमारत. वारा फिरला की सुक्या मासळीचा वास येतो. मग आमच्यातले निम्मे खिडक्या लावून घेतात आणि निम्मे मुद्दाम उघडतात. गावडेबाई उघडणाऱ्यांपैकी. मूळ गाव कणकवलीकडचं, वडील गिरणीत, जन्म लालबागचा. घाटकोपरला म्युनिसिपालिटीच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सावधान म्हटल्यावर सावधान उभा राहणारा मिळाला नाही." निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशांतून त्यांनी इथली दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली, दोनशे सात. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं दार मिळालं, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा बदलायचा.

माझी खोली शेजारचीच. मी राहायला आलो त्या दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काटकुळ्या, ताठ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि वर नऊवारीला शोभेल एवढं मोठं कुंकू. मी म्हटलं, "या ना, बसा."

"बसा नाही, बस. इथे साठीनंतर अहोजाहो बंद. आपल्याला वेळ कमी आहे, तो 'आपण कृपया'त घालवायचा नाही."

मी पुण्यात वाढलेला माणूस. एका परस्त्रीला अरे-तुरे करायला मला चांगला महिना लागला. एकदा जीभ वळल्यावर मात्र इतकं मोकळं वाटलं की नंतर फोनवर माझ्या विहिणीलाही 'तू' म्हणून बसलो. ते निस्तरायला जरा वेळ लागला.

सकाळी गच्चीवर बाईंची कवायत असायची. गुडघेवाल्यांना खुर्ची, बाकीच्यांना उभ्याने. "एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ." ह्यात सवलत नव्हती. कुणी कंबर धरली की म्हणायच्या, "कंबर तुझी आहे, धरून ठेवलीस तर कुठे जाणार नाही. हात वर घे." हात वर जायचे. मला आश्चर्य वाटायचं की ह्या बाईचं आपण का ऐकतो. मुलांचं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. बहुधा त्या आमची कीव करत नव्हत्या, म्हणून ऐकत असू.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्षातून एकदा आमच्याकडे सगळ्यांची रक्ततपासणी होते. तारीख फळ्यावर लागली की निवासात परीक्षेचं वातावरण. आठ-दहा दिवस आधीपासून साखर बंद, कारल्याचा रस सुरू, व्हरांड्यात येरझाऱ्या. ज्यांनी वर्षभर भिंत धरून शतपावली केली नाही ते लोक घामाघूम होऊन फिरायचे. मग रिपोर्ट झकास यायचे, आणि त्या आनंदात त्याच संध्याकाळी जिलेबी मागवली जायची. मुलांना फोन करून आकडे सांगितले जायचे. मीही सांगायचो.

बाईंना हे बघवलं नाही. "ही कॉपी आहे," त्या म्हणाल्या. "वर्गात पहिला येऊन फसवतोस कुणाला? स्वतःच्या रक्ताला?" पुढच्या वर्षी त्यांनी आमचे व्यवस्थापक सावे यांना गाठून तारीख फळ्यावर लावूच दिली नाही. आदल्या संध्याकाळी ग्रेसीचा वाढदिवस होता. ग्रेसी म्हणजे तळमजल्यावरची ग्रेसी डिसोझा, मूळची गोराई गावातली, बाईंची जिवाभावाची मैत्रीण. तिने केक केला होता, वर बाईंनी गावाहून आलेले गुळाचे खाजे वाटले. सगळ्यांनी मनसोक्त खाल्लं. सकाळी उपाशीपोटी दार उघडतो तर समोर रक्त घेणारा माणूस सुई घेऊन हजर. जी वाट लागली, काय सांगू. माझी साखर त्या दिवशी पहिल्यांदा उघड्यावर आली.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "बोलायला नवीन विषय मिळाला तुला. पित्ताला जरा सुट्टी दे."

त्याच सकाळी बीपीही मोजलं, तेव्हा बाईंचं वर गेलेलं निघालं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती त्यांनी किती नेमाने घेतली ते देवाला आणि ग्रेसीला ठाऊक. दुसऱ्यांना शिस्त लावणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत अगदी वाया गेलेली होती. "शाळेत मी कधी आजारपणाची रजा घेतली नाही," एवढ्या भांडवलावर त्यांचं सगळं चाललं होतं.

आता आमच्यातल्या सबनिसांबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या निवासाचा एक नियम आहे. इथे राहणाऱ्याला खोलीतला इंटरकॉम उचलून आपलं नाव, खोली आणि काय हवंय एवढं स्वतः सांगता आलं पाहिजे. ते जमेनासं झालं की घरच्यांनी त्याला घेऊन जायचं किंवा चोवीस तास माणूस असलेल्या ठिकाणी हलवायचं. नियम कडक आहे, पण खोटा नाही. खाली कार्यालयात एकच माणूस असतो, आणि वर कोण पडलंय हे त्याला आपोआप कळत नाही. सबनीस विसरायला लागले होते. फोन उचलायचे, "हॅलो" म्हणायचे आणि आपण कुठून बोलतोय ते आठवत बसायचे. निवासाच्या कमिटीत त्यांचा विषय निघाला तेव्हा सगळे खाली मान घालून बसले होते. गावडेबाई कमिटीवर होत्या. त्याच पहिल्यांदा बोलल्या. "नियम आहे. त्याला जावं लागेल."

लोकांनी त्यांना दगडाच्या काळजाची ठरवलं. मीही ठरवलं. पण सबनीस मुलुंडला मुलाकडे गेल्यावर त्यांना भेटायला आमच्यातून जायचं कोण, तर ह्याच. बस बदलत बदलत जायच्या, त्यांच्याकडून हातांचे व्यायाम करून घ्यायच्या आणि परत यायच्या. एकदा अशाच परत आल्यावर फाटकाजवळच्या बाकावर बूटही न सोडता बसून राहिल्या होत्या. मी विचारलं, "कसे आहेत सबनीस?"

"ओळखलं नाही मला. म्हणाला, तुम्ही फार छान शिकवता, कुठल्या शाळेत असता?" मग वाकून बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाल्या, "त्याला मी घालवला, रे."

त्या दिवसापासून मी त्यांना दगड म्हणायचं बंद केलं.

बाईंचा आजार आला तो त्यांच्याच शिट्टीच्या आडून. त्या संध्याकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. बशीतच पडला, फुटला नाही. त्या बोटांकडे बघत राहिल्या. ग्रेसी म्हणाली, "काय गं सुलू, हाताला काय झालं?"

"शिट्टी झाली आता," बाई हसून म्हणाल्या. "उद्या सांगते."

शिट्टी खरंच झाली होती. त्यांनीच वाजवली होती. आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कवायतीला बाई आल्या नाहीत तेव्हा ग्रेसी धावत दोनशे सातकडे गेली. बाई पलंगाशेजारी जमिनीवर होत्या, शुद्धीत, डोळे उघडे. इंटरकॉमचा रिसिव्हर तारेला लोंबकळत होता. त्यांनी फोन केला होता, पण त्यात बोलता आलं नव्हतं.

हॉस्पिटलातून त्या परतल्या तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होत्या. हात बराचसा लुळा. आणि भाषा गेलेली. आवाज होता, समजत सगळं होतं, पण शब्द तोंडाशी यायचा नाही. एकच शब्द उरला होता, 'हो'. पाणी हवं? हो. बरं वाटतंय? हो. पंखा लावू? हो. इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून आम्ही एवढे 'हो' ऐकले नव्हते. आजाराने बाईंना मवाळ केलं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. म्हाताऱ्या माणसांना शहाणं समजतात लोक. आमच्याइतकी मूर्ख जमात शोधून सापडायची नाही.

त्यांचा भाचा राजू बदलापूरला राहतो. सज्जन माणूस, मावशीवर जीव. तो आम्हा सगळ्यांसमोर बाईंचा हात हातात घेऊन म्हणाला, "मावशे, आता इथे एकटी नको राहूस. माझ्याकडे येतेस ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

राजूचे डोळे भरून आले. आमचेही आले. रविवारी न्यायचं ठरलं. राजूच्या बायकोने येऊन बॅग भरली. ती गेल्यावर बाईंनी एका हाताने बॅग रिकामी केली. तिने परत भरली, बाईंनी परत काढली. आम्ही म्हटलं, गोंधळल्यात बिचाऱ्या.

शनिवारी निरोप समारंभ. जेवणघरात खुर्च्या मांडल्या, जिलेबी आली. मी भाषण केलं. माझं भाषण चांगलं झालं होतं हे आजही सांगतो. 'आमच्या गच्चीवरची शिस्त आज बदलापूरला निघाली' ह्या वाक्याला टाळ्याही पडल्या. सावेंनी शाल घातली आणि नारळ दिला. बाई सगळा वेळ समोर बसून माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं कृतज्ञता आहे. मग कुणीतरी हौसेने म्हणालं, "बाईंनी आता दोन शब्द..." आणि जीभ चावली.

बाई उठल्या. शाल अंगावरून खाली पडली. आणि लख्ख मालवणीत, एक अक्षर न अडखळता त्या ओरडल्या, "मेल्यांनू, गप रवा!"

जेवणघर गारठलं. बाई स्वतःही दचकल्या. पुढचे शब्द आणायला त्यांनी तोंड उघडलं, पण आलं ते नुसतं, "हो... हो... हो..." आणि मान मात्र जोरजोरात नाही म्हणून हलत होती.

ग्रेसीच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ती समोर जाऊन उभी राहिली. "सुलू, तू पुरुष आहेस?"

"हो."

"तू वीस वर्षांची आहेस?"

"हो."

"हा देवधर चांगलं भाषण करतो?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्या हसायला लागल्या. सगळेच हसायला लागले. मी सोडून. मग ग्रेसीने हळूच विचारलं, "बदलापूरला जायचंय तुला?" बाई "हो" म्हणाल्या आणि रडल्या. त्यांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. नारळ अजून डाव्या हातात होता, म्हणून डोळे पुसता येत नव्हते. तो कुणीतरी काढून घेतला.

एवढे दिवस ही बाई 'नाही' म्हणत होती आणि आम्ही तिचा 'हो' ऐकून बॅगा भरत होतो. मला स्वतःची भयंकर चीड आली. आणि जिलेबीचीही.

राजू समजूतदार, पण घाबरलेला. त्याचंही बरोबर होतं. "उद्या पुन्हा पडली तर फोन कसा करणार ती?" असं तो परत परत विचारत होता. सावेंनी आम्हाला बाजूला नेऊन सुचवलं, "आपण नियमात थोडं बसवून घेऊ. बाईंनी फोनमध्ये शिट्टी वाजवली की आम्ही धावत जाऊ." सावेंना आम्ही रुक्ष समजायचो, पण त्या दिवशी मला ते फार आवडले. त्यांनी शिट्टी बाईंपुढे धरली. बाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. भिंतीवर कवायतीचा एक जुना फोटो होता, त्यात पुढच्या रांगेत सबनीस. त्या फोटोवर बोट ठेवून त्या सावेंकडे बघत राहिल्या. सबनिसाला एक नियम आणि मला दुसरा, हे त्यांना चालणार नव्हतं.

शेवटी असं ठरलं. राजू गणपतीला गावी जाणार होता. तो परत येईपर्यंत बाईंनी तयारी करायची. नाव, खोली, काय हवंय. जमलं तर राहायचं, नाही तर बॅग भरायची आणि ती पुन्हा रिकामी करायची नाही. बाईंनी डावा हात पुढे केला आणि राजूने त्यावर टाळी दिली.

वाचाउपचार करणाऱ्या मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. शिवीगाळ जमते आणि नाव का जमत नाही, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, पाठ झालेल्या आणि रागात निघणाऱ्या गोष्टींची वाट मेंदूत वेगळी असते, ती शाबूत राहिली आहे. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, आकडे म्हणून बघा. बाईंनी तोंड उघडलं आणि "एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ" असं खणखणीत बाहेर पडलं. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. इतक्या वर्षांची कवायत आत कुठेतरी जागेवर उभी होती.

मग ह्याच वाटेने जायचं ठरलं. डाव्या पायाने जमिनीवर ठेका द्यायचा आणि ठेक्यावर शब्द टाकायचा. ऐकायला सोपं वाटतं. शेजारच्या खोलीतून मी ते सगळे दिवस ऐकलं. ठक, ठक, ठक, ठक, "गा... गा..." पुन्हा ठक, ठक. कधी 'गा'च्या जागी 'हो' यायचा, मग एक सणसणीत मालवणी शिवी, तीही अस्खलित, आणि परत ठक. दुपारच्या झोपेचं माझ्या खोबरं झालं. मी एकदाही तक्रार केली नाही, आणि तक्रार न करणं मला किती जड जातं हे सगळ्यांना माहीत आहे.

त्यांच्या वाटेत सगळ्यात मोठा अडथळा आमचाच होता. बाईंनी 'गा' म्हटलं की आम्ही चारी बाजूंनी "गावडे!" म्हणायचो. 'पा' म्हटलं की तीन ग्लास पाणी. प्रेमापोटीच, पण त्यांचा प्रत्येक शब्द आम्ही तोंडातून काढून घेत होतो. एका संध्याकाळी असंच झालं. त्या काहीतरी सांगायला धडपडत होत्या आणि मी नेहमीप्रमाणे मदतीला धावलो. "पाय दुखतोय? पावडर? पाऊस?" बाईंनी ब्लाउजमधून शिट्टी काढली आणि माझ्या तोंडासमोर कान फाटेल अशी फुंकली.

तेव्हापासून शिट्टी आजारावर वाजायची बंद झाली आणि आमच्या मदतीवर वाजायला लागली. कुणी बाईंचं वाक्य पुरं केलं की शिट्टी. गप्प बसणं किती कठीण असतं हे आम्हाला म्हातारपणी कळलं. समोरचा शब्दासाठी झगडतोय, आपल्याला तो शब्द दिसतोय, आणि तरी बोलायचं नाही. ग्रेसी तोंडात पदर कोंबायची. मी खाडीकडे बघायचो.

गणपती झाले. राजू आला, येताना मावशीसाठी करंज्या घेऊन. बाई वर आपल्या खोलीत. आम्ही खाली कार्यालयात, सावेंच्या टेबलाभोवती. सावेंनी फोन स्पीकरवर ठेवला. ग्रेसी गळ्यातला क्रॉस मुठीत धरून उभी होती.

फोन वाजला. सावे म्हणाले, "कार्यालय. बोला."

पलीकडे काही नाही. श्वास ऐकू येत होता. मग ठक, ठक, ठक, ठक. मग परत श्वास. राजूने तोंड उघडलं, ग्रेसीने त्याचा दंड धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सावेंच्या कपाळावर घाम आला. त्या बिचाऱ्यांना 'गावडेबाई का?' एवढंच म्हणायचं होतं, माणुसकीने कुणीही म्हटलं असतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आयुष्यात मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो. बाई, बोल, एवढंच मनात म्हणत होतो. बोल गं.

"हो," फोनमधून आलं.

राजूने डोळे मिटले.

ठक, ठक, ठक, ठक. "गाव... डे." थांबल्या. "दोन... शे... सात."

ग्रेसीने पदर तोंडात घातला होता, तरी तिचा हुंदका ऐकू आला. सावेंनी घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "काय हवंय?"

मॅडमनी त्यांच्याकडून 'मदत हवी' हे दोन शब्द घोटून घेतले होते. आम्ही सगळे त्या दोन शब्दांचीच वाट बघत होतो. ठेका परत सुरू झाला. तो लांबत गेला. मला वाटलं, गेलं, शेवटच्या पायरीवर घसरल्या.

"रा... जूला," बाई म्हणाल्या. ठक, ठक. "घरी... पाठव."

राजू टेबलावर डोकं ठेवून हसत होता की रडत होता ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मग उठला, करंज्यांचा डबा घेतला आणि जिने चढत वर गेला. आम्ही मागे गेलो नाही. निदान पाच मिनिटं तरी नाही.

त्यानंतर बाई दोन वर्षांहून अधिक आमच्यात राहिल्या. भाषा पूर्ण कधीच परतली नाही. पण कवायत परत सुरू झाली, आकडे त्यांचे पक्के होतेच. विनोदही सांगायच्या. चहाबरोबर सुरू केलेला विनोद कधी कधी जेवणाची घंटा होईपर्यंत चालायचा. शेवट आम्हाला अर्ध्यातच कळलेला असायचा, तरी आम्ही थांबायचो, आणि त्यांनी शेवट सांगितला की खरोखर हसायचो. इतकी वाट बघून आलेला विनोद फुकट घालवायचा नसतो. नवीन येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी बजावायचो, इथे कुणाचं वाक्य कुणी पुरं करत नाही. माझं पित्तही त्या काळात एकदा लग्नापर्यंत पोचलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग कपाळावर हात मारला.

शेवटी छातीत कफ झाला, ताप उतरेना, श्वास लागायला लागला. राजूला फोन गेला, तो बदलापूरहून परस्पर हॉस्पिटलात येणार होता. सकाळी रुग्णवाहिका आली. त्या हॉस्पिटलातून बाई परत आल्या नाहीत, म्हणून ती सकाळ मला बारकाव्यांसह आठवते. फाटकाजवळ स्ट्रेचर खाली ठेवलं होतं. गळ्यापर्यंत पांघरूण, नाकावर नळी. रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, पेशंटचं नाव काय?"

मला माहीत होतं. शेजारी ग्रेसी उभी होती, तिला माहीत होतं. सावेंना माहीत होतं. फाटकाशी जमलेल्या आमच्या सगळ्या म्हाताऱ्या मंडळींना माहीत होतं. कुणीही बोललं नाही.

"अहो, सांगा ना कुणीतरी," तो वैतागला. "नाव माहीत नाही का तुम्हाला पेशंटचं?"

मी खाडीकडे बघायला लागलो. पांघरुणाखाली डावं पाऊल हललं. एकदा, दोनदा.

"सुलो... चना," बाई म्हणाल्या. श्वास घेतला. "गावडे." आणि परत श्वास घेऊन, त्या माणसाकडे रोखून बघत, "मला... विचार."

तो क्षणभर गडबडला. मग स्ट्रेचरजवळ उकिडवा बसला, आणि पुढचं जे काही विचारायचं होतं ते त्याने बाईंनाच विचारलं.